पोर्शेचं आयएमएस बेअरिंग: ते घरी बदलायची वेळ का आली

भोक २० मिमी, बाहेरचा व्यास ४७ मिमी, जाडी १४ मिमी. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाला ६२०४ नंबरचं हे बेअरिंग तोंडपाठ असतं आणि तालुक्याच्या गावीही ते सहज मिळतं. साधारण याच मापाचं बेअरिंग पोर्शेने २००० सालाच्या आसपास बॉक्स्टर आणि ९११ या स्पोर्ट्‌स गाड्यांच्या इंजिनात घातलं. तेच हे आयएमएस बेअरिंग. ते फुटलं की बहुतेक वेळा अख्खं इंजिन जायचं. आज अमेरिकेत आणि युरोपात कितीतरी मालक स्वतःच्या गॅरेजमध्ये गाडी स्टँडवर चढवून, गिअरबॉक्स उतरवून हे बेअरिंग बदलतात. कंपनीच्या लेखी मात्र तो बदलण्याचा भागच नव्हता. हे कळायला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं श्टुटगार्ट, म्हणजे पोर्शेचं जर्मनीतलं गाव, पाहावं लागतं.

१९८० च्या दशकाच्या मध्यात वर्षाला ५० हजारांहून जास्त गाड्या विकणारी पोर्शे १९९२-९३ पर्यंत १५ हजारांच्या आसपास घसरली होती. कंपनी विकली जाणार अशी चर्चा उघड सुरू होती. वेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रं हाती घेतली, टोयोटाच्या पद्धतीत तयार झालेले जपानी सल्लागार कारखान्यात आणले आणि साठ्यापासून जोडणीपर्यंत सगळ्याची काटछाट सुरू केली. त्यातूनच एक मोठा निर्णय झाला. स्वस्त बॉक्स्टर आणि नवी ९११ या दोन गाड्यांचे जास्तीत जास्त भाग समान ठेवायचे, इंजिनाचा आराखडासुद्धा. हवेने थंड होणारं जुनं इंजिन बनवायला महाग होतं, आणि धूर व आवाजाच्या नव्या नियमांत ते बसवणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं होतं. म्हणून पाण्याने थंड होणारं सहा सिलिंडरचं नवं इंजिन आलं, एम ९६. १९९६ मध्ये ते २.५ लिटरचं होऊन बॉक्स्टरमध्ये आलं, १९९७ मध्ये ३.४ लिटरचं होऊन ९९६ या सांकेतिक क्रमांकाच्या नव्या ९११ मध्ये. बॉक्स्टरची मागणी इतकी वाढली की काही गाड्या फिनलंडमध्ये उसिकाउपुंकीच्या कारखान्यात बनवाव्या लागल्या. या इंजिनाने कंपनी वाचवली हे मान्यच करायला हवं. पुढचं सगळं वाचताना ते विसरू नये.

आता शाफ्टकडे येऊ. आयएमएस म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) खाली फिरणारा मधला दांडा. क्रँक त्याला चेनने फिरवतो आणि तो पुढे दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टना, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना, चेनने फिरवतो. एका बाजूची चेन त्याच्या एका टोकावर, दुसरीची दुसऱ्या टोकावर. कल्पना नवी नव्हती. १९६० च्या दशकात पोर्शेचे अभियंते हान्स मेत्झगर यांचा हात लागलेल्या पहिल्या ९११ च्या इंजिनातही असा दांडा होता. पण तिथे तो बुशमध्ये, म्हणजे गोळ्या नसलेल्या साध्या बेअरिंगमध्ये फिरे. पंपाच्या दाबाने येणाऱ्या तेलाच्या पातळ थरावर दांडा तरंगतो, धातूला धातू लागत नाही. तेल येत राहिलं तर असं बेअरिंग इंजिनाइतकंच टिकतं.

एम ९६ मध्ये ऑइल पंपाकडचं टोक साध्या बेअरिंगमध्येच राहिलं. फ्लायव्हीलकडच्या टोकाला मात्र बॉल बेअरिंग आलं, तेही दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं आणि आत कायमचं ग्रीस भरलेलं. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. सीलबंद बेअरिंगला तेलाची वाट खोदावी लागत नाही, जोडणी झटपट होते. पाण्याच्या पंपात किंवा स्कूटरच्या चाकात ते उत्तम चालतं. पण इथे ते तेलाने भरलेल्या गरम इंजिनाच्या पोटात बसवलं होतं. उष्णतेने सील कडक होतो, कडेने तेल आत झिरपतं, ग्रीस पातळ होऊन धुऊन जातं. मग तोच सील उलटं काम करतो: आत गेलेलं तेल अडकून जुनं होतं आणि ताजं तेल गोळ्यांपर्यंत पोचत नाही. जुनी बेअरिंग काढताना पोकळ दांड्यातून कुजकट वासाचं काळं तेल ओघळतं, असं मेकॅनिक सांगतात. पुढे गोळ्यांच्या मार्गावर खड्डे पडतात, धातूचे कण सुटतात, गोळ्यांना जागेवर धरणारा पिंजरा मोडतो आणि दांडा डगमगू लागतो. चेन ढिली पडून दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. हे बहुधा काही सेकंदांत घडतं, म्हणूनच मालकाला काही ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो.

सुरुवातीच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन ओळी असलेलं बेअरिंग होतं. २०००-०१ च्या सुमारास त्या जागी एका ओळीचं, ६२०४ च्या मापाचं आलं, आणि खरी डोकेदुखी तिथून सुरू झाली. अमेरिकेत मालकांनी एकत्र येऊन कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दावा लावला, तो २०१३ मध्ये तडजोडीने मिटला. मे २००१ ते फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या गाड्या त्यात होत्या. त्या खटल्यामुळे उजेडात आलेले आकडे असे सांगितले जातात: वॉरंटीच्या काळात दोन ओळींच्या बेअरिंगमध्ये बिघाडाचं प्रमाण १ टक्क्याहून कमी, एका ओळीच्या बेअरिंगमध्ये ८ टक्क्यांच्या घरात. म्हणजे बहुतेक गाड्यांना काहीच झालं नाही. पण ज्याला झालं त्याचं बहुतेक वेळा सगळं इंजिन गेलं, आणि आपली गाडी कुठल्या गटात आहे हे आधी सांगता येत नव्हतं. यात एक वाईट विरोधाभास होता. जपून, कमी वेगाने, कधीमधी चालवलेल्या गाड्यांना जास्त धोका आहे असं अनेक जाणकारांचं निरीक्षण आहे. तेल बदलायच्या लांबलचक मुदतींनीही भरच घातली.

त्याच काळात ९११ टर्बो आणि जीटी ३ यांच्या इंजिनात मेत्झगर परंपरेचा जुना क्रँककेस (क्रँक ज्यात बसतो ते इंजिनाचं कवच) आणि साधी बेअरिंग होती. त्यांना हा रोग कधी झाला नाही. बरोबर काय ते कारखान्याला ठाऊक होतं, हे त्यावरून दिसतं.

वळण आलं ते कारखान्याच्या बाहेरून. पोर्शे हे बेअरिंग सुटं विकतच नसे, ते दांड्यासकटच यायचं, आणि दांडा काढायचा तर क्रँककेसचे दोन तुकडे करावे लागत. अमेरिकेतल्या एलएन इंजिनिअरिंग आणि फ्लॅट सिक्स इनोव्हेशन्स या छोट्या कंपन्यांच्या लोकांनी पाहिलं की फ्लायव्हीलमागच्या झाकणाचं भोक बेअरिंगपेक्षा मोठं आहे. दांडा जागेवरच ठेवून बेअरिंग त्या भोकातून ओढून काढता येतं. २००८ पासून त्यांचे किट मिळू लागले. त्यात पोलादी कड्यांत सिलिकॉन नायट्राइडच्या सिरॅमिक गोळ्या होत्या आणि इंजिनाचं तेल आत जावं म्हणून बाजू उघडी होती. अख्खं इंजिन उघडण्याचं काम एका झटक्यात गिअरबॉक्स उतरवण्याइतकं झालं, आणि घरच्या गॅरेजच्या आवाक्यात आलं.

आवाक्यात आलं म्हणजे सोपं झालं असं नाही. सगळ्यात आधी ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडून पाहायच्या आणि सम्पचं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भागाचं, झाकण काढायचं. धातूचा चुरा सापडला तर तिथेच थांबायचं, कारण तो चुरा आधीच इंजिनभर फिरलेला असतो आणि नवं बेअरिंग त्यावर उपाय नाही. स्वच्छ असेल तर गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील उतरवायचं. पहिला सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन वरच्या टोकाला पोचतो त्या जागेवर) आणून क्रँक पिनने अडवायचा, कॅमशाफ्ट त्यांच्या खास टूलने धरून ठेवायचे, मगच चेन ताणून धरणारे टेन्शनर सोडायचे. इथे घाई केली की दांडा खाली बसतो, चेन दात सोडते आणि वाचवायला निघालेलं इंजिन आपल्याच हाताने जातं. मग झाकणाचे तीन बोल्ट काढून पुलर, म्हणजे बेअरिंग ओढून काढायचं हत्यार, लावायचा. दोन ओळींच्या बेअरिंगला आधी सर्क्लिप (खाचेत बसणारी कडी) काढावी लागते, एका ओळीच्या बेअरिंगची आतली तारेची क्लिप मात्र जोराने ओढल्यावरच सुटते आणि मोठा ‘टक्’ आवाज होतो. पहिल्यांदा काम करणारे त्या आवाजाला दचकतात. एवढं उघडलंच आहे तर क्लच आणि क्रँकचा मागचा सील त्याच वेळी बदलतात, कारण मजुरी सगळी उतरवण्या-चढवण्यातच आहे. हे बेअरिंग क्लचच्या कामाबरोबर करण्याची रीत तिथून पडली.

२०१३ मध्ये त्याच मंडळींनी एक पाऊल मागे जाऊन खरं उत्तर काढलं: बॉल बेअरिंग काढून टाकायचं, जागी साधं बेअरिंग बसवायचं आणि इंजिनाच्या दाबाचं तेल फिल्टरकडून नळीने तिथवर आणायचं. १९६० च्या दशकातल्या ९११ मध्ये जे होतं, तेच.

कारखान्यानेही दखल घेतली होती. २००५-०६ पासून बेअरिंग मोठं झालं, ६३०५ च्या मापाचं, ६२ मिमी व्यासाचं. ते बरंच भरवशाचं निघालं, पण झाकणाच्या भोकातून बाहेर येईना. २००९ च्या नव्या इंजिनातून इंटरमीडिएट शाफ्टच काढून टाकला. मधल्या २००६ ते २००८ च्या गाड्यांचे मालक क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवतात, तेव्हा झाकण काढून बारीक टोच्याने बेअरिंगचा बाहेरचा रबरी सील तेवढा उचकटून टाकतात, म्हणजे इंजिनाचं तेल गोळ्यांपर्यंत जाईल.