परराज्यातील वाहतूक तिकीट आणि बचाव (अमेरिका)

अमेरिकेत एका राज्याचा परवाना बाळगणाऱ्या चालकाला दुसऱ्या राज्यातून जाताना वाहतूक नियमभंगाबद्दल तिकीट मिळाले, तर त्या आरोपाला उत्तर देण्याचे कायदेशीर मार्ग आणि त्याभोवती वाढलेली वकिली यांचा विचार या नोंदीत केला आहे. तिकीट म्हणजे पोलिसाने रस्त्यातच हातात ठेवलेले समन्स. आपल्याकडच्या चलानाचे ते भावंड खरे, पण त्यावर बहुधा न्यायालयाचे नाव आणि उत्तर देण्याची किंवा हजर राहण्याची मुदत असते. वाहन चालवण्याचे परवाने तेथे केंद्र सरकार देत नाही. ५० राज्ये आणि वॉशिंग्टन डी. सी. आपापले परवाने देतात आणि आपापले वाहतूक कायदे करतात. त्यामुळे एकाच चुकीचा हिशेब तीन ठिकाणी होतो. गुन्हा घडला की नाही हे तिकीट देणारे राज्य ठरवते, परवान्याचे काय करायचे हे चालकाचे स्वतःचे राज्य ठरवते आणि पुढची काही वर्षे हप्ता किती घ्यायचा हे विमा कंपनी ठरवते. दंडाचा आकडा पाहून ‘भरून टाकू, कटकट नको’ म्हणणारा चालक यांतला फक्त पहिला हिशेब चुकता करतो.

पूर्वपीठिका

परक्या राज्याचा आपल्यावर अधिकार किती, हा वाद मोटारीइतकाच जुना आहे. १९१० मध्ये हेंड्रिक नावाचे गृहस्थ वॉशिंग्टनमधील आपल्या कार्यालयातून मोटारीने शेजारच्या मेरिलंड राज्यातील लॉरेल गावी गेले. मेरिलंडची नोंदणी नव्हती म्हणून त्यांना अटक होऊन दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९१५ मध्ये निकाल राज्याच्या बाजूने लागला: केंद्राचा कायदा नसताना आपल्या रस्त्यांवर येणाऱ्या पाहुण्या मोटारींनाही राज्य नियम आणि शुल्क लावू शकते. १९२७ च्या हेस विरुद्ध पॉलोस्की खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. पेनसिल्व्हेनियाच्या हेस यांच्या मोटारीने मॅसॅच्युसेट्समध्ये अपघात झाला होता. आमच्या रस्त्यावर गाडी चालवली, म्हणजे अपघाताच्या दाव्याचे समन्स तुमच्या वतीने आमच्या अधिकाऱ्याने स्वीकारावे याला तुम्ही संमती दिली, असे मॅसॅच्युसेट्सचा कायदा मानत असे. न्यायालयाने तो वैध ठरवला. हा खटला दिवाणी होता. तरी राज्याच्या सीमेत चाक फिरले की तेथील कायद्याची सत्ता मान्य केली, ही कल्पना तेव्हापासून रुळली.

प्रत्यक्षात मात्र परराज्यातला चालक एकदा सीमा ओलांडून घरी गेला की त्याच्याकडून दंड वसूल करणे कठीण असे. म्हणून पोलीस त्याला तिथल्या तिथे स्थानिक न्यायाधीशाकडे नेत. रोख जामीन भरायचा, नाहीतर कोठडीत बसायचे. खिशात तेवढी रोकड नसलेल्यांसाठी अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशन ही मोटारमालकांची संघटना आपल्या सभासदांना जामीनपत्र देई.

राज्याराज्यांतले करार

राज्यांनी आपसांत करार करायचे तर काँग्रेसची, म्हणजे तेथील संसदेची, संमती लागते. वाहतूक सुरक्षेपुरती ही संमती काँग्रेसने १९५८ मध्ये आगाऊच देऊन ठेवली. त्यातून १९६० च्या दशकात ‘ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट’ हा करार आकाराला आला. ‘एक चालक, एक परवाना, एक नोंद’ हे त्याचे सूत्र. परराज्यात दोषी ठरलेल्या चालकाची माहिती त्याच्या राज्याला कळवायची, आणि त्या राज्याने ती चूक आपल्याच रस्त्यावर झाली असे समजून वागायचे, असा त्याचा आशय आहे. वाहनाने मनुष्यवध, नशेत वाहन चालवणे, वाहन वापरून केलेला गंभीर गुन्हा आणि माणसाला इजा करून पळून जाणे या चार बाबतींत घरच्या राज्याला पर्याय नसतो. वेगमर्यादा ओलांडण्यासारख्या किरकोळ गोष्टींत मात्र ते आपल्या कायद्याप्रमाणे हवे ते वजन देऊ शकते. जॉर्जिया, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, टेनेसी आणि विस्कॉन्सिन ही राज्ये या कराराबाहेर असल्याचे सामान्यतः सांगितले जाते. पण बाहेर असणे म्हणजे माहिती न कळवणे नव्हे. या राज्यांतले तिकीट घरापर्यंत येत नाही, ही समजूत अनेकांना महागात पडली आहे.

दुसरा करार १९७७ चा, ‘नॉनरेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट’. रोख जामिनाची जुनी पद्धत त्याने मोडीत काढली. तिकीट देऊन चालकाला सोडायचे. त्याने उत्तर दिले नाही, तर त्याचे राज्य त्याचा परवाना निलंबित करते आणि प्रकरण मिटल्याचा पुरावा मिळेपर्यंत तो परत देत नाही. पार्किंगची तिकिटे यात येत नाहीत. कॅलिफोर्नियासारखे मोठे राज्य या कराराबाहेर आहे, पण तेथील न्यायालयही तिकीट विसरत नाही. यांशिवाय ज्यांचे परवाने रद्द वा निलंबित झाले आहेत, त्यांची केंद्रीय सूची ‘नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर’मध्ये असते आणि नवा परवाना देण्यापूर्वी राज्ये ती तपासतात. एका राज्यात परवाना गेला म्हणून दुसऱ्यात जाऊन नवा काढण्याची वाट त्यामुळे बंद झाली.

घरी काय पोहोचते

बहुतेक राज्यांत प्रत्येक नियमभंगामागे चालकाच्या नावावर पॉइंट चढतात. मराठीत त्यांना गुण म्हणणे म्हणजे चेष्टाच. हे दोषांक आहेत. ठरावीक संख्येनंतर परवाना निलंबित होतो. परराज्यातल्या चुकीचे दोषांक किती, हे मात्र प्रत्येक राज्य आपल्या मर्जीने ठरवते. न्यू जर्सी परराज्यातल्या बहुतेक चालत्या वाहनाच्या नियमभंगांना सरसकट २ दोषांक लावते. तोच वेग घरच्या रस्त्यावर मारला असता तर वेगानुसार ४ किंवा ५सुद्धा लागू शकले असते. न्यू यॉर्क दुसऱ्या राज्यातल्या साध्या तिकिटांना दोषांकच लावत नाही, पण कॅनडातल्या ऑन्टॅरिओ आणि क्यूबेक या प्रांतांतल्या तिकिटांना लावते. उलट, न्यू यॉर्कमध्ये तिकीट मिळालेल्या परराज्यातल्या चालकाचे दोषांक ते राज्य आपल्या दप्तरी मांडून ठेवते आणि ते ६ झाले की वर्षाला १०० डॉलरप्रमाणे तीन वर्षे वेगळी आकारणी करते. जॉर्जियात ताशी ८५ मैल वा त्याहून अधिक वेगाने गेलेल्याकडून २०१० पासून मूळ दंडाशिवाय २०० डॉलरचा ‘सुपर स्पीडर’ दंड घेतला जातो. त्याची नोटीस नंतर टपालाने येते, त्यामुळे तिकीट भरून मोकळा झालो असे समजणारे बाहेरगावचे लोक हमखास चकतात.

विमा कंपनीला दोषांकांशी फारसे देणेघेणे नसते. चालकाची नोंद मागवून ती आपली स्वतःची मोजपट्टी लावते. म्हणून ‘माझ्या राज्यात पॉइंट लागत नाहीत’ हे खरे असूनही हप्ता वाढू शकतो.

वाटेवरची गावे

परराज्यातल्या चालकाला तिथल्या निवडणुकीत मत नसते आणि तो पुन्हा परत येण्याची शक्यता कमी. महामार्गावरच्या काही गावांनी यातला अर्थ अचूक ओळखला. जॉर्जियातील लुडोविची गाव फ्लोरिडाकडे जाणाऱ्या पर्यटकांना लुटण्याबद्दल इतके बदनाम झाले की १९७० मध्ये खुद्द गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स यांनी रस्त्यावर प्रवाशांना सावध करणारे फलक लावले. ओहायोतील न्यू रोम या खेड्याची लोकसंख्या २००० च्या जनगणनेत ६० होती, पण कोलंबस शहराजवळच्या हमरस्त्याच्या छोट्याशा तुकड्यावर वेगमर्यादा ताशी ४५ मैलांवरून ३५ करून त्याने पोलीस दल पोसले. २००४ मध्ये ते गावच कायद्याने विसर्जित झाले. फ्लोरिडातील वॉल्डोच्या पोलिसांनी २०१४ मध्ये स्वतःच नगरपरिषदेपुढे सांगितले की आपल्याला तिकिटांचा कोटा ठरवून दिला जातो; त्याच वर्षी ते दल बरखास्त झाले.

या सगळ्यात कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे गाव ओहायोतले मनरोव्हिल. तेथे महापौरच वाहतूक खटले चालवत आणि गावाच्या तिजोरीची जबाबदारीही त्यांच्याकडेच. १९६५ साली गावाच्या सुमारे ४७ हजार डॉलर उत्पन्नापैकी १८ हजारांहून अधिक डॉलर या न्यायालयाच्या दंड-शुल्कातून आले होते. वॉर्ड नावाच्या चालकाने, प्रत्येकी ५० डॉलर दंडाच्या दोन आरोपांवरून, ही व्यवस्था सर्वोच्च न्यायालयात नेली. १९७२ मध्ये न्यायालयाने म्हटले की अशा न्यायाधीशापुढे निःपक्ष सुनावणी मिळत नाही. शंभर डॉलरसाठी एवढा लांब जाणारा माणूस विरळा. त्याच्या चिकाटीचा लाभ पुढे असंख्य वाटसरूंना झाला.

व्हर्जिनियाचे उदाहरण

न्यू यॉर्क-न्यू जर्सीकडून फ्लोरिडाला जाणारा आय-९५ हा महामार्ग व्हर्जिनियातून जातो आणि परराज्यातल्यांच्या बचावाची वकिली तेथे विशेष फोफावली आहे. कारण तेथील ‘रेकलेस ड्रायव्हिंग’चा कायदा. मर्यादेपेक्षा २० मैल जास्त, किंवा मर्यादा काहीही असो, ८५ मैलांच्या वर वेग गेला की तो बेदरकारपणा ठरतो. (२०२० पूर्वी ही रेषा ८० वर होती.) म्हणजे ७० मैलांच्या रस्त्यावर ८६ ने जाणे हा तिथे साधा नियमभंग नसून फौजदारी गुन्हा आहे, कमाल शिक्षा १२ महिने कैद आणि २,५०० डॉलर दंड. पहिल्यांदा सापडलेल्याला एवढ्या वेगासाठी सहसा तुरुंग होत नाही, पण दोषी ठरल्यास नावावर फौजदारी नोंद राहते, आणि नोकरीच्या पडताळणीत ती दिसू शकते.

येथील बचाव बहुधा निर्दोष सुटण्यासाठी नसतो, आरोप सौम्य करून घेण्यासाठी असतो. गाडीचा वेगदर्शक काटा अधिकृत ठिकाणी तपासून तो कमी वेग दाखवत असल्याचे प्रमाणपत्र आणायचे, आठ तासांचा चालक-सुधार वर्ग आधीच पूर्ण करायचा, आजवरची स्वच्छ नोंद दाखवायची; मग न्यायाधीश आरोप ‘इम्प्रॉपर ड्रायव्हिंग’ किंवा साध्या वेगभंगावर आणू शकतात आणि फौजदारी डाग टळतो. अशा प्रकरणांत अशील घरी राहून वकील एकटाच उभा राहण्याची सोयही बरेचदा असते. सात-आठ तासांचा प्रवास आणि बुडणारी रजा धरली, तर वकिलाची ठोक फी अनेकांना त्यामुळेच परवडते.

याच राज्याने २००७ मध्ये उलटा प्रयोगही करून पाहिला. गंभीर नियमभंगावर शेकडो-हजारो डॉलरची जादा आकारणी लावली, पण ती फक्त व्हर्जिनियाच्या रहिवाशांना. परराज्यातल्यांकडून ती वसूल करणे जमणार नव्हते. घरच्यांना जास्त आणि पाहुण्याला कमी, यावरून इतका गदारोळ झाला की २००८ मध्येच ती रद्द करावी लागली.

बचावाचे मार्ग

तिकिटाचा दंड ऑनलाइन वा टपालाने भरणे म्हणजे बहुतेक ठिकाणी गुन्हा कबूल करणे. तिकिटावर सही करणे मात्र कबुली नव्हे. ते उत्तर देण्याचे वचन असते. आरोप अमान्य असेल तर मुदतीत तसे कळवून सुनावणी मागावी लागते. बाहेरगावच्या माणसासाठी सर्वांत सोयीचा मार्ग कॅलिफोर्नियाने दिला आहे: दंडाची रक्कम आधी अनामत ठेवून लेखी जबाबावर खटला चालवता येतो, आणि निकाल विरुद्ध गेला तर २० दिवसांत नव्याने प्रत्यक्ष सुनावणी मागता येते. २०२० च्या महासाथीनंतर अनेक न्यायालयांत व्हिडिओवरूनही हजर राहता येऊ लागले. वकील लागलाच तर तो तिकीट देणाऱ्या राज्यात वकिलीची सनद असलेला हवा. घराजवळचा ओळखीचा वकील तेथे सहसा चालत नाही. सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क प्रत्यक्ष कैदेची शिक्षा होणार असेल तेव्हाच लागू होतो, त्यामुळे नुसत्या दंडाच्या तिकिटासाठी तो मिळत नाही.

पुराव्यात मुख्य लढाई यंत्राची असते. रडार वा लेझर शेवटचे कधी तपासले, ते वापरण्याचे प्रशिक्षण पोलिसाकडे होते का, गर्दीत नेमकी कोणती गाडी मोजली गेली, हे प्रश्न विचारता येतात आणि नोंदी मागवता येतात. नावातले एखादे अक्षर चुकले म्हणून तिकीट रद्द होते ही लोककथा आहे. अशा चुका सहसा दुरुस्त करून घेतल्या जातात. तडजोडीला किती वाव, हेही जागेवर अवलंबून. न्यू यॉर्क शहरातल्या ‘ट्रॅफिक व्हायोलेशन्स ब्युरो’त तडजोड मुळीच होत नाही, तर त्याच राज्यातल्या छोट्या गावांच्या न्यायालयांत ती रोजची गोष्ट आहे. न्यू जर्सीत ‘अनसेफ ड्रायव्हिंग’ नावाचा शून्य दोषांकांचा आरोप स्वीकारून मोकळे होता येते. त्यासाठी २५० डॉलरचा अधिभार मोजावा लागतो. व्यावसायिक ट्रकचालकांना या सवलती बहुतांशी बंद आहेत, कारण त्यांचे दोष झाकण्यास केंद्रीय नियमांनी राज्यांना मनाई केली आहे.

कॅमेऱ्याने पकडलेली तिकिटे वेगळ्या घरची. ती बहुधा चालकावर नसून गाडीच्या मालकावर निघतात, आणि दक्षिण डकोटासारख्या राज्याने २०१४ मध्ये कायदाच केला की अशा तिकिटांसाठी आपल्या चालकांची माहिती इतर राज्यांना द्यायची नाही.

मराठी चालक

न्यू जर्सीतल्या एडिसन परिसरातील मराठी कुटुंबांना उन्हाळ्यातल्या फ्लोरिडा सहलीत वरचा सगळा भूगोल भेटतो. भारतातून गेलेल्या माणसाची पहिली चूक म्हणजे तिकीट हे चलानासारखे धरणे. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ खाली दिलेला परवाना देशभर एकाच कायद्याखाली चालतो. पुण्याच्या गाडीला गोव्यात चलान झाले, तर दंड भरला की विषय सहसा संपतो. अमेरिकेत व्हिसावर असलेल्याला गुन्ह्याचे वर्गीकरण दंडाच्या रकमेपेक्षा जास्त जड जाते. साधे वेगाचे तिकीट सहसा अडचण करत नाही. पण व्हिसाच्या अर्जात अटक वा दोषसिद्धी झाली आहे का, असा थेट प्रश्न असतो, आणि व्हर्जिनियातला बेदरकारपणाचा आरोप सिद्ध झाला असेल तर त्याला नाही म्हणता येत नाही. नशेत वाहन चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते. २०१५ पासून हे धोरण आहे. म्हणून अशा प्रकरणात तडजोड स्वीकारण्याआधी वाहतूक वकिलाबरोबर इमिग्रेशन वकिलालाही विचारावे लागते. पहिल्याला जी चांगली तडजोड वाटते, ती दुसऱ्याला वाटेलच असे नाही. मुलांकडे आलेले आईवडील भारतीय परवान्यावर गाडी चालवत असतील, तर कळवायला त्यांचे घरचे राज्यच नसते. अशा वेळी तिकीट देणारे राज्य त्यांच्या नावे स्वतःच नोंद उघडू शकते, आणि उत्तर न देता ते परतले तर तेथे गाडी चालवण्याचा त्यांचा अधिकार निलंबित होऊन पुढच्या खेपेपर्यंत तसाच राहू शकतो.