‘बिकेम’ की ‘हॅज बिकम’?

इंग्रजी ‘बिकम’ म्हणजे होणे, बनणे. त्याची तीन रूपं अशी: बिकम, बिकेम, बिकम. पहिलं आणि तिसरं एकच, दुसऱ्यात फक्त ‘ओ’च्या जागी ‘ए’ येतो. ‘कम, केम, कम’ येत असेल तर वेगळं पाठांतर लागत नाही. ‘ओव्हरकम’सुद्धा याच घरातलं. तरीही ‘हॅज बिकेम’ ही चूक शाळेच्या उत्तरपत्रिकेपासून नोकरीच्या अर्जापर्यंत सगळीकडे भेटते. नियमित क्रियापदांची आणि ‘मेड’, ‘बॉट’ यांसारख्या कितीतरी अनियमित क्रियापदांची दुसरी-तिसरी रूपं सारखीच असतात. त्या सवयीने ‘हॅज’पुढे हात आपोआप दुसऱ्या रूपाकडे जातो. ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ यांच्यानंतर तिसरं रूप, म्हणजे पुन्हा ‘बिकम’च.

रूपं बरोबर आली तरी खरी अडचण पुढे आहे: ‘झाला’साठी काय वापरायचं आणि ‘झाला आहे’साठी काय?

वाक्यात संपलेला काळ सांगितला असेल तर ‘बिकेम’. ‘महाराष्ट्र बिकेम अ स्टेट ऑन 1 मे 1960.’ ‘प्रतिभा पाटील बिकेम प्रेसिडेंट इन 2007.’ ‘यस्टर्डे’, ‘लास्ट यिअर’, ‘टेन यिअर्स अगो’ किंवा नुसतं साल आलं, की ‘हॅज’ला तिथे जागा नाही. मराठीला हे बंधन तितकंसं कडक वाटत नाही. ‘मी गेल्या वर्षीच त्यांना भेटलो आहे’ हे आपण सहज बोलतो, म्हणून ‘ही हॅज बिकम मॅनेजर लास्ट यिअर’ कानाला खटकत नाही. इंग्रजीत ते चूकच. ‘व्हेन’ने सुरू होणारा प्रश्नही नेमकी वेळ विचारतो, त्यामुळे ‘व्हेन हॅज ही बिकम मॅनेजर?’ नव्हे, ‘व्हेन डिड ही बिकम मॅनेजर?’

वेळ सांगायची नाही आणि बदलाचा परिणाम आज दिसतो आहे, एवढंच म्हणायचं असेल तेव्हा ‘हॅज बिकम’. ‘पेट्रोल हॅज बिकम एक्स्पेन्सिव्ह’ म्हणजे आज महाग आहे. बातमीत या दोन्हींची वाटणी छान दिसते. ‘मराठी हॅज बिकम अ क्लासिकल लँग्वेज’ अशी सुरुवात करावी आणि पुढच्या वाक्यात तपशील साध्या भूतकाळात द्यावा: केंद्रीय मंत्रिमंडळाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी मंजुरी दिली, म्हणून ‘अप्रूव्ह्ड’. मथळ्यात मात्र ‘बिकम्स’ येतं. ती मथळ्यांची खास रीत आहे, निबंधात उचलू नये.

सर्वांत फसवा शब्द ‘सिन्स’. ‘1987पासून गोवा राज्य झालं आहे’ याचं इंग्रजी ‘गोवा हॅज बिकम अ स्टेट सिन्स 1987’ असं केलं जातं. राज्य होणं एका दिवशी घडलं, 30 मे 1987 रोजी. तेव्हापासून आजवर टिकून आहे ती स्थिती, होण्याची क्रिया नव्हे. म्हणून एकतर ‘गोवा बिकेम अ स्टेट इन 1987’ किंवा ‘गोवा हॅज बीन अ स्टेट सिन्स 1987’. व्याकरणाच्या बऱ्याच पुस्तकांत ‘सिन्स आलं की हॅज’ एवढाच नियम असतो. ‘बिकम’च्या बाबतीत तो अर्धवट आहे.

गोव्याचंच उदाहरण ‘हॅड बिकम’लाही उपयोगी पडतं. कोंकणीला राजभाषा करणारा कायदा फेब्रुवारी 1987 मध्ये मंजूर झाला, राज्याचा दर्जा मे महिन्यात आला. दोन्ही गोष्टी भूतकाळातल्या. त्यातली आधीची ‘हॅड’ घेते: ‘व्हेन गोवा बिकेम अ स्टेट, कोंकणी हॅड ऑलरेडी बिकम इट्स ऑफिशियल लँग्वेज.’ भूतकाळातली एकच घटना सांगायची असेल तर ‘हॅड’ कशाला? ‘झाला होता’ दिसलं की ‘हॅड’ लावणं, ही आपली खोड आहे. ‘2019 साली तो आजारी झाला होता’ याला ‘ही बिकेम इल इन 2019’ पुरेसं आहे.

‘इज बिकेम’ आणि ‘वॉज बिकेम’ या चुका थेट मराठीतून येतात. आपलं सहायक क्रियापद ‘असणे’: झाला आहे, झाला होता. इंग्रजीचं ‘हॅव’. ‘आय ॲम बिकम डेथ’ हे अणुबॉम्बवाले शास्त्रज्ञ ओपेनहायमर यांच्यामुळे गाजलेलं गीतेतलं वचन कोणी पुढे करेल. तो जुना प्रयोग आहे, तेव्हा बदल आणि हालचाल दाखवणाऱ्या क्रियापदांना ‘ॲम’, ‘इज’ चालत असे. आज परीक्षेत लिहिलं तर गुण जातील.

नकारातही मराठी आडवी येते. ‘झाला’चं ‘झाला नाही’ करताना क्रियापद जसंच्या तसं राहतं, म्हणून ‘डिड नॉट बिकेम’. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’ने एकदा दाखवला की पुरे, क्रियापद पहिल्या रूपात परत जातं: ‘डिड नॉट बिकम’. ‘टू’ आणि ‘विल’नंतरही पहिलंच रूप. ‘बिकमिंग’ लिहिताना शेवटचा ‘ई’ गळतो आणि ‘एम’ एकच राहतो.

अमेरिकन बोलण्यात ‘ऑलरेडी’बरोबर ‘बिकेम’ही ऐकू येतं. आपल्याकडे शिकवलं जातं ते बहुतांशी ब्रिटिश वळणाचं, तिथे ‘हॅज ऑलरेडी बिकम’ लिहिलेलं बरं.

वाचताना जोडरूपं जपून पाहावीत. ‘इट्स बिकम’मधला ‘एस’ हा ‘इज’ नव्हे, ‘हॅज’ आहे. ‘इट्स बिकमिंग’मधला मात्र ‘इज’. ‘ही’ड बिकम’ तर दोन्हीकडे वळतं. पहिलं आणि तिसरं रूप सारखं असल्यामुळे ‘डी’ हा ‘हॅड’ही असू शकतो आणि ‘वुड’ही. मागेपुढे ‘बाय देन’, ‘ऑलरेडी’ असेल तर ‘हॅड’. ‘इफ’ची अट किंवा ‘ही सेड’सारखं काही असेल तर बहुधा ‘वुड’. ज्याला स्वतः लिहायचं आहे त्याने इथे पूर्ण शब्द लिहावा.