मराठी प्रेमपटात आडवं कोण येतं?

मराठी बोलपटाने आधी लग्नाचा प्रश्न हाती घेतला, प्रेमाचा नंतर. प्रभातच्या 'कुंकू'तली (१९३७) नीरा वयस्क विधुराशी फसवून लावलेलं लग्न मानत नाही. तिचं भांडण जरठ-कुमारी विवाहाशी आहे, दुसरा कुणी मनात भरलाय म्हणून नव्हे. दोनच वर्षांनी 'माणूस' आला. पोलीस शिपाई गणपतचा जीव वेश्या असलेल्या मैनेवर जडतो, तो तिच्याशी लग्नालाही तयार होतो, पण मागे सरते ती मैनाच. आडवं यायला तिथे खलनायक लागला नाही. घराण्याच्या उंबरठ्याचा धाक तिच्या स्वतःच्याच मनात होता.

पुढे तमाशापटांनी बाईच्या तोंडी लावणी दिली आणि इच्छेला उघड शब्द मिळाले. किंमतही लगेच वसूल झाली. 'पिंजरा'त (१९७२) नाचणारणीवर जडलेलं प्रेम म्हणजे गुरुजींचं अधःपतन. 'जैत रे जैत'ची (१९७७) चिंधी मात्र नवरा सोडून येते आणि नाग्याला स्वतः निवडते. ठाकरांच्या पाड्यावर तिला तेवढी मोकळीक दिसली, पांढरपेशा घरांत दिसायला फार वर्षं जावी लागली. ऐंशीच्या दशकातल्या विनोदी चित्रपटांत प्रेम बहुधा घोटाळ्याच्या आधाराने चाललं.

शहरी मराठी प्रेमपटाची खरी युक्ती मला 'मुंबई-पुणे-मुंबई'त (२०१०) दिसते. मुलगी स्थळाला नकार द्यायला पुण्याला येते, दिवसभर एका अनोळखी मुलाबरोबर हिंडते, आणि तोच ते स्थळ निघतो. प्रेमही झालं, घरच्यांची पसंतीही राहिली. फार गोड चित्रपट आहे, पण दोघांच्या आड यायला तिथे मुळात कुणी नव्हतंच.

'सैराट' (२०१६) या सगळ्या परंपरेचा हिशेब मागतो. नागराज मंजुळे पूर्वार्धात प्रेमपटाचे सगळे संकेत मनापासून पाळतात: विहीर, चिठ्ठी, संथ गतीतली धाव, अजय-अतुलचा भरगच्च वाद्यवृंद. फक्त रोखून बघायचा हक्क नायिका आर्चीकडे आहे; बुलेट आणि ट्रॅक्टरही तीच चालवते. नायक परश्या मासेमाऱ्याचा मुलगा, ती पाटलाची लेक. पळून जाऊन हैदराबादला संसार मांडला की एरवी चित्रपट संपतो. इथे मात्र भांड्याकुंड्यांची, पैशांची, संशयाची कुरबूर दिसते, मूल होतं, आणि माहेरची माणसं आहेर घेऊन दारात येतात. त्यानंतर पडद्यावर संगीत उरत नाही. रडणारं लेकरू बाहेर चालत जातं आणि फरशीवर त्याची लाल पावलं उमटत राहतात.