टोनल सागरचित्र (डच)

सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये, साधारण 1620 ते 1650 च्या दरम्यान, समुद्राची आणि खाड्यांची अशी चित्रं काढली गेली की ज्यात रंग जवळजवळ नाहीतच. राखाडी, मातकट तपकिरी, मध्येच थोडा पिवळट उजेड, आणि सगळा खेळ गडद-फिक्या छटांचा. क्षितिज खूप खाली, वरचा पाऊण भाग ढगांचा, आणि खाली एखादं मच्छीमारी होडकं किंवा माल वाहणारं गलबत. 'टोनल' हा शब्द त्या चित्रकारांचा नाही, नंतरच्या अभ्यासकांचा. तो रुळला त्यात कलेतिहासकार व्होल्फगांग स्टेखोव यांच्या 1960 च्या दशकातल्या लिखाणाचा वाटा मोठा आहे. निसर्गचित्रासाठी वापरलेला शब्द सागरचित्राला तसाच चिकटवला गेला, तो अगदी फिट बसतोच असं नाही.

सुरुवात कोणी केली यावर बराच वाद आहे. आधीच्या पिढीतला हेंड्रिक फ्रोम म्हणजे झळझळीत निशाणं, हिरवंगार पाणी आणि दोरखंड मोजता येतील अशी जहाजं. त्याच्यापासून वेगळा रस्ता धरणारा पहिला मोठा माणूस म्हणून बहुतेक जण यान पोर्सेलिसचं नाव घेतात. जन्म गेंटचा, 1580 ते 1584 च्या मधला कधीतरी, मृत्यू 1632. पण तो 1622 च्या सुमारास हार्लेमला आला, आणि त्याच दशकात तिथे पीटर मोलेन आणि हेगमध्ये एसाइआस फान द फेल्डे ही मंडळी जमिनीच्या चित्रांत रंग कमी करत होती (मोलेनचं वाळूच्या वाटेचं छोटं चित्र 1626 चं, ते नेहमी पुरावा म्हणून पुढे केलं जातं). मग कोणी कोणाचं उचललं? पोर्सेलिसच्या चित्रांवरच्या तारखा कमी असल्यामुळे हे पक्कं ठरवणं अवघड, पण ओल्या हवेत लांबच्या वस्तूंचा रंग उडतो हे समुद्राचं चित्र काढणाऱ्याला आधी दिसलं असणार, त्यामुळे पोर्सेलिसचं पारडं थोडं जड वाटतं.

दुसरा वाद कारणाचा. अर्थशास्त्राकडून कलेतिहासात आलेले जॉन मायकेल माँटियास म्हणतात की हा खर्च वाचवायचा मार्ग होता, कमी रंग, पातळ थर, झटपट काम, म्हणून स्वस्त चित्र आणि जास्त गिऱ्हाइक. याला आधार म्हणून पोर्सेलिसचा 1615 चा अँटवर्पमधला करार दाखवतात. रॉटरडॅममध्ये दिवाळं निघालेला हा माणूस एका पिंपं बनवणाऱ्या कारागिराला 20 आठवड्यांत 40 जहाजचित्रं द्यायचं कबूल करतो, म्हणजे आठवड्याला दोन! इतिहासकार जॉनथन इस्राएल यांचा रोख वेगळा आहे, स्पेनशी असलेला तह 1621 ला संपला, व्यापार आखडला, आणि चित्रातला उदासपणा त्या मंदीचा. दोन्ही मतांत तथ्य आहे पण दोन्ही अपुरी, कारण कॉन्स्टन्टाइन हायगेन्ससारखा दरबारी रसिक त्याच काळात पोर्सेलिसला फ्रोमच्या वर ठेवतो, आणि त्याला काही स्वस्त माल नको होता. शिवाय आज दिसणारा सगळा राखाडीपणा मुळातला नाहीच. स्माल्ट नावाची निळ्या काचेची पूड तेलात घोटून आकाशाला वापरत, ती काळाच्या ओघात करडी पडते.

पद्धतीबद्दल एक किस्सा चित्रकार-लेखक साम्युएल फान होखस्ट्राटेनने 1678 मध्ये लिहिलाय, म्हणजे पोर्सेलिस जाऊन 46 वर्षं झाल्यावर, तेव्हा जपूनच घ्यावा. तीन चित्रकारांची पैज लागते. क्निबर्खन सराईतपणे भराभर रंगवत सुटतो, फान खोयेन आधी सगळ्या फळीवर इकडे उजेड तिकडे अंधार असं फासून घेतो आणि त्या गोंधळातून होड्या शोधून काढतो, आणि पोर्सेलिस हातच चालवत नाही, नुसता बसून राहतो, मग मनात ठरलेलं एकदम उतरवतो आणि जिंकतो. फान खोयेनचं वर्णन मात्र त्याच्या चित्रांशी जुळतं, पातळ रंगाखालून ओकच्या लाकडाच्या रेषा कितीतरी ठिकाणी सरळ दिसतात.

पोर्सेलिसनंतर सिमोन द व्लीगर आणि मग यान फान द कापेल (1626–1679), ज्याच्यात करड्याची चांदी होते.

मालकीचा इतिहास तुटक आहे. स्वस्तात विकलेल्या चित्राची पावती कोण जपणार? जी माहिती आहे ती मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या याद्यांमधून येते, आणि त्यातली एक मोठी खुद्द कापेलची, 1680 ची. हा माणूस धंद्याने कापड रंगवणारा, किरमिजी रंगाचा घरचा कारखाना, आणि चित्रं मात्र करडी. त्याच्या घरी सुमारे 200 चित्रं निघाली, त्यात 16 पोर्सेलिसची, वर द व्लीगरची 1300 च्या आसपास रेखाटनं आणि रेम्ब्रांटची 500.

कापेलचं स्वतःचं 1650 चं चित्र, सलामीची तोफ झाडणारी डच यॉट, आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पाणी इतकं शांत की तोफेच्या धुराचा गोळा आणि वरचा ढग एकाच कुंचल्याचे वाटतात. ते तिथे 1876 मध्ये विन एलिस या रेशीम व्यापाऱ्याच्या मृत्युपत्राने आलं (पुन्हा कापडवालाच). त्याने 400 च्या वर चित्रं दिली होती, गॅलरीने निवडून घेतली आणि बाकीच्यांचा लिलाव झाला, ज्यातलं गेन्सबरोचं एक चित्र लगेच चोरीला गेल्यामुळे सगळी प्रसिद्धी तेच खाऊन गेलं.

विसाव्या शतकातलं सगळ्यात चर्चेतलं प्रकरण ॲमस्टरडॅमचे ज्यू विक्रेते याक गाउडस्टिकर यांचं. 14 मे 1940 ला ते बोटीने निसटले आणि प्रवासातच जहाजाच्या तळातल्या मालकोठारात पडून वारले. त्यांचा चित्रांचा साठा नाझी नेता गोरिंग आणि जर्मन व्यावसायिक आलोइस मीडल यांच्या हाती गेला, आणि युद्धानंतर परत आलेला बराच भाग डच सरकारने स्वतःकडेच ठेवला. 2006 मध्ये 202 चित्रं वारसांना मिळाली. त्यात सालोमन फान राउसडालचं 1649 चं, गुरं घेऊन फेख्त नदी ओलांडणाऱ्या नावेचं चित्र होतं, समुद्राचं नाही पण त्याच कुळातलं. चित्रात मागे नायनरोडे गढीचा परिसर आहे, आणि ती गढी 1930 पासून गाउडस्टिकरांचीच होती. वारसांच्या दाव्याला मोठा आधार मिळाला तो गाउडस्टिकरांच्या खिशात सापडलेल्या काळ्या वहीचा, तिच्यात 1100 च्या वर चित्रांची नोंद होती.