व्हॅलिस्नेरिया: टाकीतली हिरवी फीत

बारावीच्या जीवशास्त्रात पाण्यावरच्या परागणाचं उदाहरण म्हणून भेटलेली व्हॅलिस्नेरिया परीक्षेनंतर बहुतेक जण विसरून जातात. मत्स्यालयाच्या दुकानात मात्र ती जुडीने मिळते. पहिल्यांदाच टाकीत वनस्पती लावायची असेल, तर मी हिचंच नाव सुचवतो.

जुडी सोडवून एक रोप हातात घ्या. मुळं संपून फितीसारखी पानं सुरू होतात, तिथे बोटभरापेक्षाही कमी उंचीचा पांढुरका भाग दिसेल. तो रेतीच्या वरच राहायला हवा. गाडला गेला की कुजतो आणि सगळं रोप जातं. मी रोप मुद्दाम थोडं खोल खोचतो आणि मग हलकेच वर ओढतो, म्हणजे मुळंही खाली सरळ होतात. रेतीचा थर साधारण 5 सेंटीमीटर पुरतो.

पहिल्या आठवड्यात जुनी पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळू लागतात. इथे अनेक जण रोप उपटून फेकतात, आणि मला फार वाईट वाटतं. रोप एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात आलं की हे होतंच. सडलेली पानं तेवढी काढा आणि मुळांना हात लावू नका. दोन-तीन आठवड्यांत मधून नवं पान डोकावतं.

बोअरवेलचं जड पाणी हिला चालतं, आणि त्यामागचं कारण सुंदर आहे. कार्बन डायऑक्साइड हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यात पसरतो. त्यामुळे पाण्याखालच्या वनस्पतींची कायम उपासमार. व्हॅलिस्नेरिया मात्र जड पाण्यात मुबलक असलेल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवते. म्हणून टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडायला गॅसचा सिलिंडर लागत नाही. रोज सहा-आठ तास साधा एलईडी दिवा पुरे. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून मिळणारं ग्लुटराल्डिहाइड मात्र टाकू नका, त्याने ही पानं गळतात.

एकदा रुजली की रेतीलगत धावतं खोड निघतं आणि त्याच्या टोकाला नवं रोप येतं. त्याला स्वतःची चार-पाच पानं आणि मुळं येईपर्यंत आईपासून तोडू नये.

नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या रोपांवर येतात. नर फुलं पाण्याखालीच देठापासून सुटतात, बुडबुड्यासारखी वर येऊन उमलतात आणि तरंगत जातात. मादी फूल लांब देठावर पृष्ठभागापर्यंत पोचतं. त्याच्या भोवती पाण्याला किंचित खळगा पडतो आणि नर फुलं त्यात घसरून येतात. परागणानंतर देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो आणि फळाला खाली ओढून नेतो. टाकीतली रोपं बहुधा एकाच रोपापासून वाढलेली, म्हणजे एकाच लिंगाची असतात, त्यामुळे बी क्वचितच धरतं. पण बारीक पांढरट दोरा पृष्ठभागाकडे चढताना दिसला, तर शेवाळ समजून ओढू नका. टोकाला भिंग लावून पाहा.