गेम क्रॅश होतोय? आधी हातचा तपासा

ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेल्या पीसीवर गेम मध्येच बंद पडला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सिनेबेंच (प्रोसेसरचा वेग मोजणारी चाचणी, म्हणजे बेंचमार्क) पास होतं, बाकी सगळं व्यवस्थित चालतं, म्हणजे गेमच भंगार आहे." हे इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा नीट लिहायचंच होतं. गेममध्ये बग असतात, नाही असं नाही. पण बेंचमार्क पास होणं वेगळं आणि प्रोसेसरचं गणित दरवेळी बरोबर येणं वेगळं, आणि हा फरक कळला की क्रॅश शोधायचं निम्मं काम तिथेच होतं.

शाळेतली बेरीज आठवा. ५००० मध्ये १ मिळवा, लगेच झालं. आता ९९९९ मध्ये १ मिळवा. एककाचा हातचा दशकाला, दशकाचा शतकाला, असा तो शेवटच्या घरापर्यंत जातो आणि तोवर उत्तराचा पहिला अंक ठरत नाही. म्हणजे बेरीज एकच, पण किती वेळ लागणार हे आकड्यांवर अवलंबून. प्रोसेसरच्या आत हेच चालतं, फक्त आकडे ० आणि १ चे आणि घरं ६४. आता डिझायनर लोक हातचा भरभर पोचवायला बऱ्याच युक्त्या वापरतात (पुढच्या घरांचा हातचा आधीच काढून ठेवणारी सर्किट्स असतात), तरी प्रत्येक चिपमध्ये कुठेतरी एक सगळ्यात लांबचा रस्ता राहतोच, त्याला क्रिटिकल पाथ म्हणतात, आणि क्लॉकचा, म्हणजे ज्या ठोक्यांवर प्रोसेसर चालतो त्यांचा, वेग ठरतो तो या सगळ्यात हळू रस्त्यावरून.

५ गिगाहर्ट्झ म्हणजे एका ठोक्याला ०.२ नॅनोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटिमीटर जातो. ठोका पडला की फ्लिप-फ्लॉप नावाची छोटी सर्किट्स समोरच्या तारेवर त्या क्षणी जे काही असेल, ० किंवा १, ते पकडून ठेवतात. उत्तर पूर्ण झालंय का हे ती विचारत नाहीत, त्यांना ते कळायची सोयच नाही. हातचा पोचायला थोडासा उशीर झाला तर जुना बिट पकडला जातो आणि तोच बरोबर समजून पुढचं सगळं चालू राहतं. कुठे घंटा वाजत नाही, लाल दिवा लागत नाही.

कंपनी चिप विकताना गरमी, व्होल्टेजचे चढउतार, चिपचं वय होणं हे सगळं धरून थोडी मोकळी जागा ठेवते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ती मोकळी जागा वापरून टाकणं. आणि लांबचा रस्ता क्वचितच वापरला जातो, ९९९९ अधिक १ सारखे आकडे यावे लागतात, म्हणून तासन्‌तास सगळं सुरळीत आणि मग अचानक धाडकन डेस्कटॉप.

मग व्होल्टेज वाढवलं की झालं ना? होतं, ट्रान्झिस्टर पटकन स्विच होतात. पण उष्णतेचा हिशोब असा की ती वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग १० टक्के, व्होल्टेज १० टक्के वाढवलं तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३, थेट ३३ टक्के जास्त उष्णता, आणि तापलेला ट्रान्झिस्टर साधारणपणे पुन्हा हळू होतो. त्यात सगळे कोअर एकदम कामाला लागले की करंट उसळतो आणि व्होल्टेज काही नॅनोसेकंद खाली बसतं. बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) १.३ व्होल्ट दिसत असले तरी त्या क्षणी चिपला तेवढे मिळत नसतात, आणि तेवढाच क्षण हातचा चुकायला पुरतो. हे कुठल्याही मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही कारण ते सेकंदातून एखाद-दोनदा बघतं.

गेमच का पडतो ते इथे कळतं. सिनेबेंच एकाच प्रकारचा लोड सलग देतं. गेममध्ये मेनूत प्रोसेसर रिकामा, लोडिंगला फाइल डिकॉम्प्रेस करताना आणि शेडर (ग्राफिक्स कार्डवर चालणारे छोटे प्रोग्राम) कम्पाइल करताना सगळे कोअर फुल, मग परत निवांत, म्हणजे सतत धक्के. शिवाय व्हिडिओ बघताना एक बिट चुकला तर एखादा ठिपका वेगळ्या रंगाचा दिसेल, कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण गेममध्ये तो बिट मेमरीच्या पत्त्यात असला तर प्रोग्राम भलत्याच ठिकाणी जाऊन आदळतो आणि विंडोज अ‍ॅक्सेस व्हायोलेशन, म्हणजे परवानगी नसलेल्या मेमरीत घुसला, म्हणून त्याला बंद करतं.

गिल्ड वॉर्स बनवणाऱ्या एरिनानेटने हे मोजून बघितलं होतं. खेळाडूंकडून येणाऱ्या काही क्रॅश रिपोर्टचा कोडशी मेळच लागेना, तेव्हा त्यांनी गेममध्येच एक छोटी चाचणी टाकली, दर फ्रेमला थोडं गणित करायचं आणि उत्तर आधीच माहीत असलेल्या उत्तराशी ताडून बघायचं. एरिनानेटचे सहसंस्थापक पॅट्रिक वायट यांनी लिहिलंय की साधारण १ टक्का कॉम्प्युटर यात नापास झाले. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २००५ मध्ये सांगितलेला किस्सा तर अजून भारी आहे, प्रोसेसरमधल्या एका रजिस्टरला (आकडा ठेवायच्या छोट्या जागेला) शून्य करणाऱ्या साध्या सूचनेवर प्रोग्राम क्रॅश झालेला, जी सूचना मेमरीला हातही लावत नाही, म्हणजे तिथे क्रॅश होणं शक्यच नाही. मशीन ओव्हरक्लॉक केलेलं निघालं. अशा काही लोकांना तर आपला पीसी दुकानदाराने ओव्हरक्लॉक करून विकलाय हेच माहीत नव्हतं. सेकंडहँड किंवा दुकानातून असेंबल करून घेतला असेल तर आधी बायोस उघडून बघाच.

आता शोधायचं कसं. सगळ्यात आधी बायोसमध्ये डिफॉल्ट लोड करा, सगळंच, एक्सएमपी किंवा एक्सपोसुद्धा (रॅम जास्त वेगाने चालवायची तयार सेटिंग्ज) बंद, कारण "मी ओव्हरक्लॉक केलेलंच नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांचं एक्सएमपी चालू असतं आणि तेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. ग्राफिक्स कार्डचंही मूळ सेटिंग. तरी गेम पडत असेल तर मग ड्रायव्हर, गेमच्या फाइल्स, पॉवर सप्लाय यांच्याकडे वळा. पडायचा थांबला तर एकेक गोष्ट परत चालू करायची, एका वेळी एकच, आणि मध्ये पुरेसं खेळायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की काहीच सिद्ध होत नाही.

रॅमसाठी मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावा, एकही एरर चालत नाही. प्रोसेसरसाठी प्राइम९५ हे जड गणित करायला लावणारं सॉफ्टवेअर मला आवडतं कारण ते खरंच उत्तर तपासतं. राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं, अशी ओळ येऊन एखादा वर्कर (त्यातला हिशोब करणारा एक भाग) थांबला तर तो सरळसरळ चुकलेला हिशोब आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये WHEA-Logger च्या, म्हणजे हार्डवेअर एररच्या नोंदी बघा, पण त्या नाहीत म्हणजे सगळं ठीक असं नाही, तिथे मुख्यतः कॅशसारख्या (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी) स्वतःची चूक ओळखू शकणाऱ्या भागांच्या नोंदी येतात, हातचा चुकलेला तिथे दिसत नाही. ग्राफिक्स कार्डने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर रिसेट करतं, त्याची नोंद असेल तर संशय आधी कार्डवर.

रजिस्ट्री क्लीनर, रॅम बूस्टर, "एका क्लिकमध्ये क्रॅश बंद" वाली सॉफ्टवेअर हे सगळे गंडेदोरे आहेत. चुकलेला बिट त्यांनी सुधारत नाही. तसंच दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नका, एकाच मॉडेलच्या दोन चिप्स सारख्या नसतात.

आणि ऋतू बघा. डिसेंबरात बसवलेलं सेटिंग नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ कडे गेल्यावर टिकेलच असं नाही. रॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला चार्ज, तो गळत असतो म्हणून डीडीआर४ मध्ये प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावी लागते, आणि ८५ अंशांच्या वर गळती वाढते म्हणून त्याच्या दुप्पट वेगाने. काही लोक स्पीडसाठी हे रिफ्रेशचं अंतर हाताने वाढवून ठेवतात आणि खाली ग्राफिक्स कार्ड गरम हवा वर सोडतंय. हिवाळ्यात चालतं, उन्हाळ्यात बिट गळतात.

सगळं स्टॉकवर, म्हणजे मूळ सेटिंगवर आणूनही इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या आय७-आय९ वर शेडर कम्पाइल होताना "व्हिडिओ मेमरी संपली" असा मेसेज येत असेल आणि कार्डची मेमरी तर रिकामी असेल, तर ग्राफिक्स कार्ड बदलायला धावू नका. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की या चिप्सना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं आणि कोअरमधलं क्लॉक पोचवणारं सर्किटच त्याने झिजत होतं. सप्टेंबर २०२४ मधलं ०एक्स१२बी (0x12B) किंवा त्यानंतरचं मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला दुरुस्ती कोड) असलेला बायोस टाका. पण झिजलेली चिप अपडेटने बरी होत नाही. कंपनीने अशा प्रोसेसरची वॉरंटी २ वर्षांनी वाढवलीये, बिल शोधून बदलून मागा.