घरोघरी नवजात बालसेवा

बाळंतिणीच्या घरी जाऊन, गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीने जन्मापासून पहिले २८ दिवस बाळाची घेतलेली काळजी आणि लागल्यास तिथेच केलेला उपचार, अशी ही पद्धत आहे. ती गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९०च्या दशकात घडवली. पुढे भारत सरकारने तिचा एक सौम्य अवतार देशभर स्वीकारला.

पार्श्वभूमी : गडचिरोली हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झालेला जंगलाचा आणि धानाचा जिल्हा. बंग दांपत्याने १९८६ मध्ये तिथे काम सुरू केले. त्यांचे पहिले मोठे यश न्यूमोनियातले. लेकराचा श्वास फुलून बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या की लोक त्याला ‘डब्बा’ म्हणत. औषध स्वस्त होते, अडचण होती ती आजार ओळखण्याची. मोठे आकडे मोजू न शकणाऱ्या सुईणींसाठी मग मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधन तयार झाले. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर न्यूमोनिया समजायचा. मुलांचे मृत्यू घटले. पण जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू हा प्रश्न मोठा होऊन समोर उरला.

तेव्हा बहुतेक बाळंतपणे घरीच होत. त्यामुळे या काळात बाळांना नेमके काय होते, याची नोंद कुठल्याच दवाखान्यात नव्हती. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांवर घरीच लक्ष ठेवण्यात आले. त्यातली ४२ टक्के बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, पण डॉक्टरपर्यंत पोहोचली ती जेमतेम २.६ टक्के. याचा दोष अडाणीपणावर टाकण्याची सवय शहरात आहे. बाळ दुपारी दूध ओढेनासे झाले, पावसात नाल्याला पूर, दवाखाना वीस कोसांवर आणि रोवणीची मजुरी बुडालेली, अशा घरात ‘रेफर करा’ हा सल्ला निरर्थक ठरतो. त्यात जन्मताच बाळाला आंघोळ घालणे, पहिले चीकदूध पिळून टाकणे, अशा रूढींनी गारठा आणि उपासमार वाढे.

कामाची रीत : ज्या गावात काम करायचे, तिथलीच थोडे शिकलेली स्त्री निवडली जाई. तिला ‘आरोग्यदूत’ म्हणत. बाळंतपणाला सुईणीबरोबर ती हजर राही. बाळाने श्वास घेतला नाही तर नळी-मुखवट्याने किंवा पिशवी-मुखवट्याने श्वास देई. बाळाला कोरडे करून गुंडाळणे, झोळीत घालून स्प्रिंगच्या काट्यावर वजन करणे, लगेच छातीशी धरायला लावणे हीही तिचीच कामे. पुढे महिनाभरात ठरलेल्या आठ भेटी आणि आईने बोलावले तर जास्तीची एक. कमी वजनाच्या बाळांसाठी घोंगडीची उबदार पिशवी शिवली होती. ऐकायला किरकोळ वाटते, पण अशक्त बाळाला गारठा लागला की ते दूध ओढत नाही, दूध नाही म्हणून आणखी गारठते.

सर्वांत वादाचा भाग जंतुदोषाचा, म्हणजे बाळाच्या अंगात पसरणाऱ्या जंतुसंसर्गाचा. रडणे क्षीण होणे, दूध ओढणे थांबणे, हातपाय लुळे पडणे, छाती आत ओढली जाणे, बेंबीत पू अशा लक्षणांपैकी दोन एकदम दिसली, तर आरोग्यदूताने आधी दवाखान्यात न्यायचा सल्ला द्यायचा. पालकांनी नाही म्हटले, तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिन या जंतुनाशक औषधाचे इंजेक्शन घरीच टोचायचे आणि सोबत को-ट्रायमॉक्साझोल हे दुसरे जंतुनाशक पाजायचे. जेमतेम शाळा शिकलेल्या बाईच्या हाती सिरिंज देण्याची कल्पना अनेक बालरोगतज्ज्ञांना पटली नाही. परंतु जंतुदोष झालेल्या बाळांपैकी मरणाऱ्यांचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले, हे आकडे त्या आक्षेपाला पुरेसे उत्तर आहेत.

परिणाम : १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३९ गावांतला नवजात मृत्युदर १९९३-९५ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता, तो १९९७-९८ मध्ये २५.५ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत तो साठीच्या आसपासच राहिला. तुलनेचा हिशेब धरून घट सुमारे ६२ टक्के. एका बाळामागे खर्च पाच डॉलरच्या आसपास आला.

विस्तार : २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली. भारतात २००५ पासून गावोगावी आशा कार्यकर्त्या होत्याच. २०११ मध्ये नवजात बालसेवा त्यांच्या कामात सामील झाली. दवाखान्यात बाळंतपण झाले तर सहा भेटी आणि घरी झाले तर सात. सगळ्या पूर्ण केल्या की आशाताईला २५० रुपये. मूळ रचनेतले इंजेक्शन मात्र या राष्ट्रीय आवृत्तीत आशाच्या हाती आले नाही. ती लक्षणे ओळखते, चिठ्ठी देते आणि पाठवते. म्हणजे रस्ता, गाडी आणि पुढचा दवाखाना तयार असेल तरच तिचे ओळखणे उपयोगी पडते.

आता बाळंतपणे बहुतांशी दवाखान्यात होतात, त्यामुळे पहिले तास सुरक्षित झाले. पण दोन-तीन दिवसांत मायलेकरू घरी परततात आणि त्यानंतरचे आठवडे पुन्हा आशाताईवर येतात. भामरागड तालुक्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद पडतो. अशा दिवशी तिच्याकडे असतात थर्मामीटर, वजनकाटा आणि तपासणीचा भरायचा फॉर्म.